गोळीबार मैदानाचा आवाज : मोजणी आणि निवाडा

गावाजवळ गोळीबाराचे मैदान असले म्हणजे दोन रास्त गरजा समोरासमोर येतात. नेमबाजीचा सराव ही संरक्षणाची, पोलीस प्रशिक्षणाची आणि क्रीडेची गरज आहे. मैदानालगत राहणाऱ्या कुटुंबाला निवांतपणे जगता यावे, मुलांना अभ्यास करता यावा, आजाऱ्याला झोप लागावी, ही दुसरी गरजही तितकीच खरी आहे. वाद निर्माण होतो तेव्हा एक पक्ष म्हणतो, "आवाज असह्य आहे". दुसरा म्हणतो, "आवाज नेहमीचाच आहे". असह्य आणि नेहमीचा हे दोन्ही शब्द मोजता येत नाहीत. त्यामुळे वाद वर्षानुवर्षे चालू राहतो आणि निर्णय बहुधा ज्याचा शब्द वजनदार त्याच्या बाजूने लागतो.

ध्वनिमापन हा यावरील उपाय होय. मात्र बंदुकीच्या आवाजाचे मापन हे रस्त्याच्या किंवा कारखान्याच्या आवाजाच्या मापनाहून वेगळे आहे. यंत्र चांगले असूनही रीत चुकली, तर मिळणारा आकडा एका पक्षावर अन्याय करणारा ठरतो. या विषयात स्वित्झर्लंड या देशाचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. कारण तेथे गोळीबाराची मैदाने गावोगावी आहेत आणि त्यांची सोय करण्याची जबाबदारी खुद्द गावाच्या स्थानिक प्रशासनावर आहे.

आवाज एक नव्हे, तीन

बंदूक झाडली म्हणजे ऐकणाऱ्याला एकच 'धाड' ऐकू येतो असे वाटते. प्रत्यक्षात त्यात तीन आवाज मिसळलेले असतात. पहिला नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट. काडतुसातील दारूचे तप्त वायू एकदम बाहेर पडल्यामुळे तो होतो. तो सर्व दिशांना जातो, परंतु नळी ज्या दिशेला रोखलेली असते त्या दिशेला अधिक तीव्र असतो आणि नेमबाजाच्या पाठीमागे पुष्कळच कमी असतो.

दुसरा आवाज खुद्द गोळीचा. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. लष्करी रायफलीची गोळी त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने निघते. अशी गोळी पाण्यातून वेगाने जाणाऱ्या होडीप्रमाणे आपल्या मागे तिरकी आघात-लाट सोडीत जाते. ही लाट म्हणजे चाबूक फटकारल्यासारखा कडक आवाज. तो नळीपाशी नव्हे, तर गोळीच्या संपूर्ण मार्गावर उत्पन्न होतो. म्हणून मार्गाच्या दोन्ही अंगांच्या घरांना तो ऐकू येतो, नेमबाजाच्या पाठीमागील घरांना ऐकू येत नाही. तिसरा आवाज गोळी लक्ष्यफलकावर आणि त्यामागील मातीच्या बांधावर आदळण्याचा. तो सामान्यतः क्षीण असतो.

हे तीन आवाज वेगळे ओळखण्याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. नळीच्या तोंडापाशी बांधलेली भिंत पहिला आवाज अडवील. परंतु शंभर मीटर पुढे गेलेल्या गोळीच्या आवाजावर तिचा काहीही परिणाम होणार नाही. पुष्कळ ठिकाणी खर्च होऊनही तक्रार कायम राहते, त्याचे कारण येथे सापडते.

सरासरीची फसगत

ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की अंक केवळ ३ ने वाढतो. अंक १० ने वाढला की कानाला आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो. माणसाच्या कानाची ग्रहणशक्ती सर्व स्वरांना सारखी नसल्यामुळे यंत्रात एक गाळणी असते. तिला 'ए' भार म्हणतात.

वाहतुकीचा आवाज सतत चालणारा असतो. त्यासाठी ठरावीक काळातील ऊर्जेची सरासरी काढण्याची पद्धत सोयीची आहे. बंदुकीचा आवाज मात्र सेकंदाच्या काही सहस्रांश भागात संपतो. त्याची सरासरी काढली म्हणजे काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एका घरापाशी प्रत्येक गोळीच्या वेळी ध्वनिमापकाचा काटा ७४ डेसिबलपर्यंत उसळतो. हा अंक 'शीघ्र' या मापनप्रकारातील आहे. त्यात यंत्र एक-अष्टमांश सेकंदाच्या गतीने प्रतिसाद देते. अशा एका गोळीची ऊर्जा सुमारे ६५ डेसिबलचा आवाज एक सेकंद चालू राहिल्याइतकी भरते. तासाभरात ६० गोळ्या झाडल्या गेल्या, तर केवळ गोळ्यांच्या आवाजाची त्या तासाची सरासरी सुमारे ४७ डेसिबल येते. तीच सरासरी सोळा तासांच्या दिवसावर पसरली, तर ती अवघी ३५ डेसिबल होते.

कागदावर ३५ हा आकडा शांत खोलीचा आहे. घरात मात्र दर मिनिटाला एकदा तान्हे मूल दचकून उठते. यंत्राने खोटे सांगितले नाही, आणि मुलाच्या आईनेही नाही. विचारलेला प्रश्न मात्र चुकीचा होता.

या कारणासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या पर्यावरणीय ध्वनिमापनाच्या मानकात अशा आघाती आवाजांना वेगळे स्थान दिलेले आहे. लहान शस्त्रांचा गोळीबार 'अति-आघाती' या वर्गात मोडतो आणि त्याच्या मोजलेल्या पातळीत १२ डेसिबल मिळवावेत असे ते मानक सुचविते. सारखी ऊर्जा असली तरी अवचित होणारा आवाज माणसाला अधिक त्रास देतो, या अनुभवाची ही गणिती नोंद आहे.

ब्रिटनमध्ये हवेत उडविलेल्या मातीच्या चकत्यांवरील नेमबाजीसाठी २००३ मध्ये पर्यावरण-आरोग्य अधिकाऱ्यांच्या संस्थेने मार्गदर्शिका काढली. तिने सरासरीचा मार्गच सोडून दिला. घरापाशी अर्धा तास मोजणी करावी, त्यातील सर्वांत मोठे २५ आवाज निवडावेत आणि त्यांचे मध्यमान घ्यावे, अशी तिची रीत आहे. हे मान ५५ डेसिबलच्या खाली असल्यास त्रासाची शक्यता कमी आणि ६५ च्या वर असल्यास ती फार मोठी, असे तिने नमूद केले आहे. मधल्या पट्ट्यात स्थानिक परिस्थिती पाहूनच ठरवावे लागते.

स्विस गावाची दुहेरी जबाबदारी

स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांचे सैन्य आहे. रायफल दिलेल्या सैनिकाला प्रत्यक्ष सेवेच्या काळाबाहेरही दरवर्षी नेमून दिलेला सराव पुरा करावा लागतो. ३०० मीटरवरील या सरावात २० गोळ्या असतात आणि तो ऑगस्टअखेर संपवावा लागतो. याशिवाय नेमबाजीची मंडळे आणि वार्षिक मेळावे आहेतच. या सरावासाठी मैदान विनामूल्य उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य लष्करविषयक कायद्याने 'कम्यून'वर, म्हणजे तेथील ग्रामप्रशासनावर, टाकलेले आहे. अशी दोन हजारांहून अधिक कम्यून त्या देशात आहेत.

गावे वाढली, मैदानाभोवतीच्या कुरणांत घरे उभी राहिली आणि कुरबूर सुरू झाली. १९८३ मध्ये त्या देशाने पर्यावरण संरक्षणाचा कायदा केला. तो १९८५ पासून अमलात आला. त्याखालील ध्वनिसंरक्षणाचे नियम डिसेंबर १९८६ मध्ये मंजूर होऊन एप्रिल १९८७ पासून लागू झाले. या नियमांत विमानतळ, रेल्वे, रस्ते यांच्याबरोबर मुलकी गोळीबार मैदानांसाठी एक स्वतंत्र परिशिष्ट आहे. म्हणजे जे ग्रामप्रशासन सैनिकाला मैदान देते, त्याच्याच मैदानाला शेजाऱ्यांसाठी आवाजाची मर्यादा लागू झाली.

या परिशिष्टाची रीत अशी आहे. प्रथम घरापाशी एका गोळीच्या आवाजाची मध्यम पातळी काढावयाची. तीही दिवाणखान्यात किंवा अंगणात नव्हे, तर राहत्या खोलीच्या उघड्या खिडकीच्या मध्यभागी. माणूस खिडकी उघडी ठेवून राहू शकला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. त्यानंतर या पातळीत एक दुरुस्ती करावयाची. ती अशी :

दुरुस्ती = १० लॉग (व + ३ र) + ३ लॉग ग − ४४

यात 'व' म्हणजे कामाच्या दिवसांतील गोळीबाराचे वार्षिक अर्धदिवस, 'र' म्हणजे रविवार व सार्वजनिक सुट्ट्यांचे अर्धदिवस आणि 'ग' म्हणजे वर्षभरात झाडलेल्या गोळ्या. दोन तासांहून अधिक चाललेला सराव हा एक अर्धदिवस; दोन तास किंवा त्याहून कमी चालल्यास तो निम्मा मोजतात. आकडे तीन वर्षांच्या सरासरीने घेतात. केवळ निवासी वस्तीसाठी मर्यादा ६० डेसिबल आहे. शेती व व्यवसाय यांची मिश्र वस्ती असल्यास ६५. नवे मैदान बांधावयाचे असल्यास या मर्यादा प्रत्येकी ५ ने कडक होतात.

या लहानशा सूत्रात सामाजिक विचार भरलेला आहे. रविवारचा अर्धदिवस इतर दिवसांच्या तिप्पट धरला आहे, कारण विश्रांतीच्या दिवशीचा आवाज माणसाला अधिक टोचतो. गोळ्यांच्या संख्येपेक्षा दिवसांच्या संख्येला अधिक महत्त्व दिले आहे, कारण शेजाऱ्याच्या दृष्टीने पन्नास गोळ्या आणि शंभर गोळ्या यांत फारसा फरक नसतो. किती सकाळी आणि किती संध्याकाळी आपल्या हातून गेल्या, हे तो मोजतो.

सूत्र कसे बोलते

पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात वर्षाला २० हजार गोळ्या झाडल्या जातात. कामाच्या दिवसांचे अर्धदिवस २० आणि रविवारचे ४. जवळच्या घराच्या खिडकीत एका गोळीची मध्यम पातळी ७८ डेसिबल. कंसातील बेरीज २० + १२ = ३२. दुरुस्ती उणे १६ येते आणि निर्णायक पातळी ६२. निवासी वस्तीची मर्यादा २ डेसिबलने ओलांडली गेली.

आता ग्रामसभेपुढे पर्याय मांडता येतात. गोळ्यांची संख्या निम्मी केली, तर पातळी जेमतेम ०.९ ने उतरते. म्हणजे सराव निम्मा होऊनही मर्यादा ओलांडलेलीच राहते. रविवारचा सराव कामाच्या दिवशी नेला, तर पातळी ६०.७ वर येते. त्याच २० हजार गोळ्या कामाच्या १६ अर्धदिवसांत बसविल्या, तर ती ५८.९ होते. एकही गोळी कमी न करता, केवळ वेळापत्रक बदलून, मर्यादेचे पालन झाले.

अशी मांडणी झाली म्हणजे चर्चेचा सूर बदलतो. 'मैदान बंद करा' आणि 'मैदान चालूच राहील' या दोन टोकांच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत हे दोन्ही पक्षांना दिसते, आणि प्रत्येक पायरीची किंमत किती तेही कळते. मोजणी निवाडा देत नाही. पण निवाड्याला पाया पुरविते.

मोजणी करताना

विश्वसनीय मोजणीसाठी पुढील बाबी पाळणे अगत्याचे आहे.

यंत्र प्रमाणित असावे आणि मोजणीच्या आधी व नंतर ते प्रमाण-ध्वनीशी ताडून पाहावे. भ्रमणध्वनीतील मापक केवळ अंदाजापुरते उपयोगी आहेत. त्यांचा ध्वनिग्राहक बोलण्याच्या आवाजासाठी बनविलेला असतो. गोळीच्या आवाजाचे टोक तो छाटून टाकतो.

ध्वनिग्राहक माणसाच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून काही मीटर अंतरावर ठेवावा. भिंतीवरून परतणारा आवाज मिसळल्यास अंक वाढून येतो. खिडकीत मोजावयाचे असल्यास तशी स्पष्ट नोंद करावी.

वाऱ्याची दिशा व वेग लिहून ठेवावा. उघड्या माळावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारणतः ६ डेसिबलने उतरतो. परंतु वारा मैदानाकडून घराकडे असेल, तर आवाज खाली वळून लांबवर पोहोचतो. उलट असेल, तर तो डोक्यावरून निघून जातो. या दोन अवस्थांत १० डेसिबलहून अधिक फरक पडू शकतो. स्वच्छ आकाशाच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. तेव्हाही आवाज दूरवर ऐकू येतो. यास्तव एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नये. पक्षकाराने आपल्या सोयीचा दिवस निवडला, ही शंका वेगवेगळ्या दिवशीच्या मोजणीनेच दूर होते.

पार्श्वभूमीचा आवाज वेगळा नोंदवावा. ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, भुंकणारी कुत्री, पावसाळ्यातील बेडूक हे सारे यंत्राला ऐकू येतात. प्रत्येक नोंदीसमोर ती गोळीची आहे की अन्य कशाची, हे मोजणाऱ्याने तेथेच लिहावे.

सर्वांत महत्त्वाची बाब ही की घरापाशी एक माणूस आणि मैदानात दुसरा, असे दोघे एकाच वेळी हजर असावेत. कोणते शस्त्र, कोणत्या जागेवरून, किती वाजता, किती गोळ्या, याची मैदानातील नोंद हाती नसेल, तर घरापाशी मिळालेला अंक अर्धवट राहतो. स्विस सूत्रातील तीन घटकांपैकी एकही घरापाशी मोजता येत नाही. ते तिन्ही मैदानाच्या नोंदवहीतून येतात. नोंदवही नीट ठेवणे आणि ती पाहण्यास खुली असणे, हा मोजणीचाच अर्धा भाग आहे.

उपायांचा क्रम

वेळापत्रक हा सर्वांत स्वस्त उपाय. त्यानंतर बांधकामाचे उपाय येतात. स्वित्झर्लंडमध्ये नेमबाजाच्या समोर आतून ध्वनिशोषक थर लावलेले आखूड बोगदे बसवितात. रायफलीची नळी त्यांच्या तोंडाशी राहते आणि स्फोटाचा आवाज आतच जिरतो. गोळीच्या मार्गालगत मातीचा उंच बांध घातल्यास गोळीचा कडक आवाज अडतो. भिंत किंवा बांध आवाजाच्या उगमाजवळ किंवा ऐकणाऱ्याजवळ असावा. दोहोंच्या मध्यावर त्याचा उपयोग सर्वांत कमी. झाडांची एखादी ओळ दृष्टीला सुखकारक असते, पण तिच्याने आवाज फारसा अडत नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे अनेक गावांनी मिळून वस्तीपासून दूर एकच मैदान चालविणे. तो स्विस गावांनी अनेक ठिकाणी अनुसरला आहे. आणि अखेरचा, पण मुळावर घाव घालणारा मार्ग हा की मैदानाच्या आवाजाच्या कक्षेत नवी घरे होऊ न देणे. गावठाणाचा विस्तार ठरविताना याचा विचार झाला नाही, तर आज तक्रार नसलेले मैदान दहा वर्षांनी तक्रारीचे केंद्र होते.

आपल्याकडील संदर्भ

भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली लागू झाले. निवासी क्षेत्रासाठी त्यांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मर्यादेहून १० डेसिबल किंवा अधिक आवाज असल्यास नागरिकाला प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. हे अंक कालसरासरीचे आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. वर दाखविल्याप्रमाणे, विरळ गोळीबाराचा त्रास सरासरीत दिसत नाही.

आघाती आवाज वेगळा मोजण्याची कल्पना मात्र आपल्या कायद्याला अपरिचित नाही. फटाक्यांसाठी १९९९ मध्ये घातलेली मर्यादा सरासरीची नसून एका स्फोटाची आहे : स्फोटाच्या जागेपासून ४ मीटरवर, आघाती आवाजासाठीच्या जलद मापनप्रकारात, १२५ डेसिबल. दिवाळीच्या फटाक्याला जे तत्त्व लागू आहे, ते गोळीच्या आवाजाची पाहणी करताना समजून घेण्यास अडचण पडू नये.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकाविले. अशा यशामुळे ग्रामीण भागातील मुलामुलींचा या खेळाकडे ओढा वाढतो आणि सरावाच्या जागांची मागणीही वाढते. या खेळातील दहा मीटरवरील सराव हवेच्या दाबाच्या रायफलीने बंदिस्त जागेत होतो; त्याचा शेजाऱ्यांना उपद्रव होण्याचे कारण नाही. दारूच्या काडतुसांचा सराव उघड्यावर होऊ लागला, तर मात्र आवाजाचा प्रश्न पुढे येतो.

अहिल्यानगरजवळील के. के. रेंजसारख्या लष्करी क्षेत्रांचा विचार वेगळा करावा लागतो. तोफांचा आवाज खर्जातील असतो, तो दारे-खिडक्यांची तावदाने हादरवितो आणि 'ए' भाराच्या गाळणीत त्याचा बराच अंश निसटतो. अशा सरावाबाबत १९३८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नुकसानभरपाईची तरतूद त्यात आहे. येथील विवेचन लहान शस्त्रांच्या मैदानांपुरते आहे.

पंचायतीच्या हाती काय?

नव्या नेमबाजी मैदानाचा प्रस्ताव आला, तर पंचायत सदस्यांनी पाच गोष्टी विचाराव्यात : कोणती शस्त्रे वापरली जातील, नळीचे तोंड कोणत्या दिशेला राहील, वर्षात किती दिवस व किती वेळ सराव होईल, जवळचे घर, शाळा आणि दवाखाना किती अंतरावर आहेत, आणि नोंदवही कोण ठेवील. मैदान सुरू होण्यापूर्वी गावाची स्वाभाविक शांतता एकदा मोजून ठेवावी. पुढे वाद झालाच, तर तुलनेसाठी हा एकच आकडा निर्विवाद राहतो. तो मागाहून मिळविता येत नाही.

शिक्षकांनाही या विषयात स्थान आहे. डेसिबल, लॉगॅरिदम आणि ध्वनीचा वेग हे पाठ्यपुस्तकातील धडे. गोळीचा धूर दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून मैदानाचे अंतर काढणे, हा प्रयोग वरच्या वर्गातील मुले शाळेच्या आवारातूनच करू शकतात. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. गावाच्या प्रश्नात गणित किती उपयोगी पडते, याचे इतके सोपे प्रात्यक्षिक क्वचितच मिळेल.

शांतता ही गावाची सामाईक मालमत्ता आहे. गायरानाची हद्द जशी मोजून ठरते, तशी आवाजाचीही हद्द मोजून ठरविता येते. मोजणी योग्य जागी, योग्य रीतीने आणि दोन्ही पक्षांच्या समक्ष झाली, तर नेमबाजाचा सराव आणि शेजाऱ्याची झोप या दोहोंना एकाच गावात जागा मिळू शकते.